दुसरी सनद

काकांनी ती बातमी जेवण संपेपर्यंत दाबून ठेवली, याचंच वहिनीला नंतर नवल वाटलं. एरवी काकांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

रविवारी दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं हा अण्णांचा नियम, आणि अण्णांच्या नियमांवर अपील करायला घरात वरचं कोर्ट नव्हतं. खाली कार्यालय, वर घर. जिन्याच्या तळाशी जी पाटी होती तिच्यावर आजोबांचं नाव, मग अण्णांचं, काकांचं, आणि शेवटी दादाचं. पाटी भरली होती, म्हणून छोटीचं नाव आत फाइलींवर होतं. छोटी म्हणजे केस पिकायला लागलेली, चष्मा लागलेली, घरातल्या इतर सगळ्या वकिलांपेक्षा जास्त लिहिणारी बाई. पण घरात अजून छोटीच.

काकांनी सफरचंदाची फोड उचलली, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "छोटे, अभिनंदन करायचं राहूनच गेलं. पुलापलीकडे परीक्षा दिलीस म्हणे."

छोटीचा हात पाण्याच्या पेल्यावर होता, तो तिथेच राहिला.

"कसली परीक्षा?" अण्णांनी विचारलं.

"सनदेची. तिकडचं राज्य वेगळं, कायदा वेगळा; आपली ही सनद तिकडे चालत नाही ना. नदी ओलांडली की आपण सगळे अडाणी. म्हणून आमच्या वकीलबाई पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या." काकांनी फोड चावली. "आणि नापास झाल्या."

दादा हसला. मनापासून नाही, सवयीने. काका विनोद करत तेव्हा हसायचं हे तो कार्यालयात शिकला होता. त्याने तिथे शिकलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" छोटीने विचारलं.

"तुझ्या टायवाल्याने. फोनवर इतका हसत होता की मला आधी वाटलं, त्याला मुलगा झाला."

टायवाला म्हणजे पलीकडचा वकील. इकडच्या पक्षकारांचं तिकडच्या कोर्टात काही निघालं की छोटी सगळं लिहून द्यायची, तो सही करायचा आणि वाचून दाखवायचा. टाय मात्र उत्तम बांधायचा.

अण्णांनी रुमालाने बोटं पुसली. "किती वर्षं झाली तुला वकिली करून?"

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे, त्यांना माहीत नव्हतं वाटतं. नाहीतर नापास कशाला केलं असतं?" अण्णा चिडले की आवाज चढवत नसत, उलट फार सभ्य बोलत. "या वयात माणसं परीक्षा घेतात, देत नाहीत. आणि द्यायचीच असेल तर निदान पास व्हायची अट असते."

"पुन्हा बसणार आहे," छोटी म्हणाली.

आईने फळांची बशी छोटीसमोर सरकवली. तिच्याकडे पाहिलं नाही. आई अशीच होती. ती कोणाच्या बाजूची आहे हे आजवर कोणालाच ठरवता आलं नव्हतं, आणि तिनेही ते कळू दिलं नव्हतं.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी विसळत होती. छोटी पुसायला उभी राहिली.

"खरं सांगू?" वहिनी म्हणाली. "मला तुझा राग आलाय."

"नापास झाले म्हणून?"

"पास होशील म्हणून."

वहिनी शाळेत गणित शिकवायची आणि घरीही तशीच बोलायची, पायऱ्या न गाळता. "तू गेलीस की तुझा भाऊ उघडा पडणार. कोर्टात त्याचा आवाज छान, उभं राहणं छान, सगळं छान; पण हातातला कागद तुझा. तो कागद नसला की काय उरतं ते मी घरात रोज बघते. उद्या तो हरून घरी येईल तेव्हा त्याची किरकिर कोण ऐकणार? तू पलीकडे मजेत असशील."

"म्हणून मी इथेच लिहीत बसू?"

"मी असं म्हटलं नाही. राग आलाय इतकंच म्हटलं." तिने पातेलं पालथं घातलं. "पण एवढं काय अडलंय तुझं तिकडे?"

छोटीने तिला त्या ट्रक चालवणाऱ्याचं सांगितलं. माणूस इकडचा, मेला तिकडच्या घाटात, मालकाच्या ट्रकचे ब्रेक खराब होते. दावा तिकडेच लढवावा लागला. छोटीने लिहिलं, टायवाल्याने वाचलं. मेलेल्या माणसाचं नाव त्याने चुकीचं घेतलं, आणि ब्रेकच्या तपासणीचा अख्खा मुद्दा दोन पानं एकदम उलटल्यामुळे गाळला. न्यायाधीशांनी नेमकं तेच विचारलं, तपासणी झाली होती का? टायवाला कागद चाळत राहिला. छोटी कठड्यामागे बघ्यांच्या बाकावर बसली होती. उत्तर तिला तोंडपाठ होतं. ती उभी राहिली, तर शिपाई आला आणि म्हणाला, बाई, खाली बसा, इथे फक्त वकिलांनी बोलायचं.

"मग?"

"मग बसले. दावा गेला. परत येताना बसमध्ये त्याची बायको माझ्या शेजारी होती. पूल येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, ताई, तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही का नाही बोललात?"

वहिनी हात पुसत उभी राहिली. "काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला परवानगी नाही म्हणाले. तिला वाटलं, मी घाबरले."

वहिनीने नळ बंद केला. राग गेला नव्हता. फक्त आता तो नक्की कोणावर धरायचा याबद्दल तिची खात्री राहिली नव्हती.

पहिल्या वेळी छोटी नापास झाली त्याचं कारण साधं होतं. ती वकिलासारखा विचार करत होती.

परीक्षेतल्या प्रश्नांमधली माणसं जगात कुठे सापडत नाहीत. ती एकमेकांना तोंडी जमिनी विकतात, शेजाऱ्याच्या कुंपणात पाय अडकवून घेतात, दारूच्या नशेत मृत्युपत्रं करतात आणि सकाळी दुसरी करतात. खाली चार उत्तरं असतात. छोटी तो प्रश्न वाचायची आणि तिच्या डोक्यात यायचं, आधी समोरच्याला नोटीस पाठवू, मूळ कागद मागवू, जमलं तर दोघांना समोरासमोर बसवू. असं उत्तर चारांत कुठेच नसायचं. जे नुकतेच कॉलेजातून निघाले होते, ज्यांनी पक्षकार कधी रडताना पाहिला नव्हता, ते बरोबर खूण करून पुढे जायचे. तिला मात्र प्रत्येक प्रश्नात अपवाद दिसायचा, कारण अपवादांवरच तिचं आयुष्य गेलं होतं. परीक्षेला अपवाद नको होते. परीक्षेला नियम हवा होता, पोपटाने सांगावा तसा.

रविवारनंतर एका सकाळी ती स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसली असताना आई समोर येऊन बसली, चष्मा लावला आणि पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं.

"मी विचारते. तू सांग."

"आई, तुला कळणार नाही यातलं."

"वकिलाची सून झाले, बायको झाले, दोघा वकिलांची आई झाले. कळून काय दिवे लावले असते?" आईने पान उघडलं. "हा कोण माणूस आहे? मागच्या प्रश्नात याने म्हशी विकल्या, आता गोदाम जाळतोय. याला कोणी आत का टाकत नाही?"

"तो दरवेळी वेगळा असतो."

"वेगळा नाही. नालायक तोच आहे. बरं, सांग, गोदाम कोणाचं?"

छोटीने उत्तर दिलं, कारणासकट, अपवादासकट. आईने मागचं पान पाहिलं. "चूक. आणि मी कारण विचारलं नव्हतं. तुझ्या वडिलांसारखं करू नकोस. विचारलं तेवढं सांग."

त्या दिवसापासून रोज सकाळी, कार्यालय उघडण्याआधी, आई प्रश्न वाचायची. प्रत्येक प्रश्नावर शेरा मारायची आणि छोटीला बोलू द्यायची नाही. महिनाभरात छोटीच्या चुका निम्म्यावर आल्या. आईला पलीकडचा कायदा कळला असं नाही. पण आपल्या मुलीला एका वाक्यात उत्तर द्यायला लावणं, हे वकिलांच्या घरात कोणालाच आजवर जमलं नव्हतं.

अण्णा येता-जाता ऐकायचे. एकदा दारात थांबून म्हणाले, "म्हशी कोणाच्या निघाल्या?"

"तुमच्या कामाचं नाही," आई म्हणाली.

परीक्षेच्या तारखेचं मात्र कोणालाच माहीत नव्हतं, काकांना सोडून.

शीतगृहाच्या आगीचा दावा हा कार्यालयातला सगळ्यात मोठा दावा. आजोबांच्या वेळचा पक्षकार, शीतगृह जळून खाक झालेलं, आणि विमा कंपनी म्हणत होती की आग मालकानेच लावली. छोटीने तो कागदाला कागद जोडून उभा केला होता. शेवटच्या युक्तिवादाची तारीख घ्यायला काका गेले आणि घेऊन आले ती नेमकी परीक्षेची.

"कोर्टाने दिली," काका म्हणाले. "मी काय करणार?"

छोटी त्यांच्या टेबलासमोर उभी होती. मागे दादा फाइल धरून, खुर्चीत अण्णा.

"कोर्टाने तीन तारखा पुढे केल्या होत्या," छोटी म्हणाली. "मी कारकुनाला विचारून आले. तुम्ही ही निवडलीत. आणि यापुढे मुदत मागणार नाही असं लिहूनही दिलंत."

काकांनी चष्मा काढून पुसला. "त्या दिवशी तुझी परीक्षा आहे हे मला कुठे माहीत होतं?"

"टायवाल्याला माहीत होतं."

काकांनी चष्मा पुन्हा लावला. ते खोटं बोलण्यात कच्चे नव्हते; फक्त ते नीट रचायचा त्यांना आळस होता.

"अण्णा, मुदत मागूया," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात बहिणीची काळजी नव्हती. तारखेला आपल्यालाच उभं राहावं लागेल हे त्याला एव्हाना कळलं होतं.

"कारण काय देऊ?" अण्णा म्हणाले. "न्यायालयाने कृपया थांबावं, आमच्या वकीलबाई परीक्षेला बसल्या आहेत?"

"मी टिपण तयार करून देते," छोटी म्हणाली. "दादाने नीट वाचलं तर काही अडणार नाही."

"वाचलं तर," अण्णा म्हणाले आणि मुलाकडे पाहिलं. ती नजर दादाला लहानपणापासून ओळखीची होती. प्रगतिपुस्तकावर सही करताना अण्णा असेच पाहायचे. "तू वाचशील?"

"वाचीन ना."

"मागच्या दाव्यात साक्षीदाराला तू त्याच्या भावाच्या नावाने हाक मारलीस. भाऊ मेलेला होता. मी उभा राहीन."

अण्णा कोर्टात उभे राहिले त्याला बरीच वर्षं झाली होती. कान जायला लागल्यावर ते हळूच मागे सरकले होते, आणि घरात तो विषय कोणी काढत नसे.

"अण्णा, तुम्हाला..." छोटीने सुरुवात केली.

"तू तुझ्या म्हशी बघ," अण्णा म्हणाले.

दादा पुढचे काही दिवस खुशीत होता, हे कबूल करायला हवं. अण्णा उभे राहणार म्हणजे आपण शेजारी बसायचं. टिपण त्याने चाळलं, मग ते गाडीत राहिलं. त्या सकाळी त्याने डगल्याला इस्त्री केली, छोटी पहिल्या बसने गेल्याचं ऐकलं आणि मनात म्हणाला, नापास झाली तर बरं. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने गाडी जरा जोरात काढली.

कोर्टात अण्णा उभे राहिले आणि सुरुवातीला तर मागच्या बाकांवरचे तरुण वकील सरसावून बसले. आवाज जुना, भरदार; एकही कागद न बघता तारखा, विजेच्या तारा, पंचनामा. काकांनी दादाकडे पाहून मान डोलावली. विमा कंपनीचा वकील काहीतरी खरडू लागला.

मग न्यायाधीशबाईंनी हळू आवाजात विचारलं, "रात्रीच्या पहारेकऱ्याची साक्ष तुम्ही का घेतली नाही?"

अण्णा म्हणाले, "होय, पंचनामा दुसऱ्या दिवशीच झाला."

बाई थांबल्या. पुन्हा विचारलं. अण्णांनी पंचनाम्यावरच्या सह्यांबद्दल सांगितलं, फार सविस्तर. मागच्या बाकावर कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. दादा उठून त्यांच्या डाव्या कानाशी गेला, "अण्णा, पहारेकरी."

"काय?" अण्णा मोठ्याने म्हणाले. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

दादाला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण वाईट अजून यायचं होतं. अण्णांनी टेबलावर दोन्ही हात टेकले, जरा वेळ तसेच उभे राहिले आणि मग सरळ झाले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "न्यायालयाची मी दिशाभूल करणार नाही. या दाव्यातला शब्द न् शब्द माझ्या मुलीने लिहिला आहे. या दाव्यातलाच नव्हे, आमच्या कार्यालयातून जे जे चांगलं इथे आलं ते बहुतेक सगळं. पहारेकऱ्याचं उत्तर तिला माहीत असेल. ती आज पलीकडे सनदेच्या परीक्षेला बसली आहे."

"तुमचे चिरंजीव आहेत," बाई आता मोठ्याने म्हणाल्या.

"आहेत. त्यांना हे प्रकरण ऐकून माहीत आहे, वाचून नाही."

दादाने टेबलाकडे पाहिलं. टिपण गाडीत होतं. पहारेकऱ्याचा मुद्दा त्यात नक्की असणार, छोटीने तो सोडला नसणारच, आणि आपल्याला तो एका ओळीनेही माहीत नाही, हे त्याला इतकं स्वच्छ कधीच दिसलं नव्हतं. त्याला अण्णांचा संताप आला. कारण अण्णा खोटं बोलले नव्हते.

विमा कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली, मुदत मागणार नाही असं लिहून दिलंय म्हणाला. न्यायाधीशबाईंनी काकांची सही असलेला तो कागद पाहिला, काकांकडेही पाहिलं, आणि पुढची तारीख दिली. "ज्यांनी लिहिलं आहे त्यांनीच यावं. आणि ही शेवटची."

परीक्षेचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण त्याचा घरात फार गाजावाजा झाला: छोटी पास झाली. टायवाल्याने हार पाठवला. काकांनी नातेवाइकांना फोन करून, आपणच तिला तिकडे बसायला लावलं होतं असं सांगितलं, आणि दोन-चार फोन झाल्यावर त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. पण ते नंतर. त्या संध्याकाळी ती बसमधून उतरली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं की हात दुखतोय आणि शेवटचे काही प्रश्न अंदाजाने सोडवलेत.

बसथांब्यावर दादा गाडी घेऊन उभा होता. असा तो कधी येत नसे.

"हरलो का?" तिने विचारलं.

"नाही. तारीख मिळाली. तुझ्यासाठी." गाडी चालू करून त्याने सगळं सांगितलं, समोर बघत, स्वतःला न वाचवता. शेवटी म्हणाला, "भर कोर्टात बोलले. सगळ्यांसमोर."

त्याला वाटलं, ती खूश होईल. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"मी नसताना," ती म्हणाली.

"अगं, पण बोलले तर."

"इतकी वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसते, दादा. घरी एकाच टेबलावर जेवतो. सांगायला त्यांना भरलेलं कोर्ट लागलं, आणि मी नदीपलीकडे असायला लागले."

दादाने गाडी घराकडे वळवली. "मलाही त्यांनी आज पहिल्यांदाच खरं सांगितलं," तो म्हणाला. "तुझं निदान चांगलं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी, जरा जोरातच.

जेवायला सगळे बसले होते. काका आपल्या ताटात काहीतरी शोधत होते. वहिनीने छोटीला वाढलं आणि जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला. अण्णांनी मान वर केली.

"पेपर कसा गेला?"

"बरा."

"बरा म्हणजे नापास."

"असेल."

अण्णा जेवू लागले. मग आई म्हणाली, "कोर्टात काय बोललात ते सांगा तिला."

"त्याने सांगितलं असेल गाडीत."

"त्याने सांगितलं. तुम्ही सांगा."

"कामकाजाच्या नोंदीत आहे. नक्कल काढून घे म्हणावं, अर्ज करून."

आईने हात पुढे केला आणि अण्णांच्या समोरचं ताट उचलून स्वतःकडे ठेवलं. या घरात असं कधी झालं नव्हतं. दादाचा घास तोंडातच राहिला. अण्णांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"उभं राहून सांगू की बसून?"

"बसूनच सांगा. पण तिच्याकडे बघून."

अण्णांनी छोटीकडे पाहिलं. कोर्टात ते सहज बोलून गेले होते. इथे त्यांना शब्द जुळवावे लागले. "कार्यालयातलं चांगलं काम तुझं आहे. बऱ्याच वर्षांपासून. मला ते माहीत होतं." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "थोडं वाईट कामही तुझंच आहे."

छोटीला नेहमी वाटायचं, हे कधीतरी ऐकलं तर आपल्याला रडू येईल. आलं नाही. एवढंच होतं तर, असं वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दोन-तीन वाक्यांत संपलं, वर दुरुस्तीसकट. तिने भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायली.

"शीतगृहाची पुढची तारीख मी करीन," ती म्हणाली. "पूर्ण करीन. त्यानंतर पास झाले तर पलीकडे वकिली करणार, नापास झाले तर पुन्हा परीक्षेला बसणार. दादाला टिपणं मिळणार नाहीत. त्याने फाइली वाचायच्या."

वहिनीने पाण्याचा जग उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"हे तू मला विचारते आहेस की सांगते आहेस?" अण्णा म्हणाले.

"सांगते आहे."

अण्णांनी आईच्या समोरून आपलं ताट ओढून घेतलं.

"मग ठीक आहे. विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो."